दहा वीसचा फोन

६ एप्रिल २००९, सोमवार

आज जगबीरला काढलं.

वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. पण काढलं ते काढलं!

आज बरोबर तीन आठवडे. सोळा मार्च, तोही सोमवारच. बाबा सांगतात, दहा वीसला हॉस्पिटलला फोन केला. 'घड्याळ बघितलं होतं मी, दहा वीस.' शंभरदा विचारलं, शंभरदा तेच. अँब्युलन्स आमच्या सोसायटीच्या गेटवर आली अकरा वाजून दोन मिनिटांनी – ते गेटच्या रजिस्टरमध्ये आहे. बेचाळीस मिनिटं! हॉस्पिटल ते घर साडेपाच किलोमीटर. दिल्लीतल्या आमच्या द्वारकेचे रस्ते केवढे रुंद, सकाळी ते मोकळेच असतात. सायकलवरून आला असता तरी आधी पोचला असता.

आई हॉस्पिटलच्या दारातच गेली. डॉक्टर म्हणाला, 'आधा घंटा पहले लाते तो बात और थी.' एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे वळला. तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि अँब्युलन्स कुणाची? आमच्याच कंपनीची! शाळेच्या बसेस, दुधाच्या थंड गाड्या, पाण्याचे टँकर, तीन हॉस्पिटलांच्या अँब्युलन्स. एकशे चाळीस गाड्या माझ्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर ठिपके होऊन फिरतात. गुडगावला बसून मी सांगू शकते कोणती बस पालमच्या फाटकाला अडकलीय, कोणत्या टँकरने रस्ता सोडला. फक्त अँब्युलन्स तेवढ्या भिंतीवर नाहीत. फेब्रुवारीत त्यांच्यात जीपीएसचे डबे बसवले, पण डब्यात सिम नाही. सिमची फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून! माझी आई मरत होती आणि मी भिंतीवर दुधाच्या गाड्या बघत होते.

जगबीरला समोर उभं केलं. पन्नाशीचा माणूस, नजफगढकडचा, चौदा वर्षं अँब्युलन्स चालवतोय. त्याचं लॉगबुक पुढ्यात टाकलं. फोन १०.४८, निघालो १०.४९, पोचलो ११.०२. म्हटलं, हे आकडे कुठून आणलेस? फोन दहा वीसला केलाय. मधली अठ्ठावीस मिनिटं कुठे झोपला होतास?

'मैडम, मैं तो उड़ा के लाया था.'

म्हटलं, माझे वडील खोटं बोलतात का? दहा वीसला केलाय त्यांनी फोन!

तो बघतच राहिला. 'बाऊजी ने कहा? दस बीस?'

'हाँ.'

मग खाली बघितलं. 'ठीक है जी. बाऊजी ने कहा है तो ठीक है.' किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. भांडलासुद्धा नाही! खरा असता तर भांडला नसता? चोर!

७ एप्रिल

बाबांना सांगितलं, ड्रायव्हरला काढलं म्हणून. जेवता जेवता ताटावरून उठले.

'त्याला कशाला काढलंस ग? त्याचं पोट आहे त्याच्यावर.'

बास! तुमच्या या चांगुलपणानेच सगळे डोक्यावर बसतात, म्हटलं. जरा जोरातच बोलले. ते हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले.

८ एप्रिल, बुधवार

बॉस सब्बरवालसाहेबांबरोबर मीटिंग. मी नियम मांडला, पाच मिनिटांत मंजूर. एरवी पेन्सिली मागवायच्या तर आठवडा लागतो.

नियम एकच, सगळ्यांना. बस असो, टँकर असो, दुधाची गाडी असो. रहदारीची रांग सोडून कुठेही तीन मिनिटांच्या वर थांबलं – लाल शेरा. इंजिन चालू ठेवून पाच मिनिटांच्या वर उभं राहिलं – लाल शेरा. साठच्या वर वेग – लाल शेरा. महिन्यात तीन शेरे की घरी! आणि शेरा पडायच्या आधी केबिनमध्ये बझर वाजेल, म्हणजे 'मैडम, पता नहीं चला' ऐकायला नको. अँब्युलन्सनाही ताबडतोब सिम. आता बरी एका दिवसात आली!

सब्बरवाल म्हणाले, 'हेमांगी, this is what we needed.' यांना कालपर्यंत ठाऊक नव्हतं काय हवंय ते.

डबेवाल्या कंपनीचा अंशुमन बसला होता. सव्वीस-सत्तावीसचा, सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला मराठी मुलगा, आमच्याच जुन्या गल्लीच्या मागचा. तो म्हणतो, 'मॅडम, सगळ्या गाड्यांना एकच रूल नाही लावू शकत. हर एक गाडीचं काम वेगळं असतं ना.'

म्हटलं, तू डबे बसव. माणसं कशी असतात ते मला माहितीय.

लॅपटॉप मिटला त्याने. मिटूच दे.

१२ एप्रिल, रविवार

सुधन्वाचा पुण्याहून फोन. 'ताई, तू त्या ड्रायव्हरच्या मागे का लागलीयस? आई आता परत येणारेय का?'

हे म्हणायला काय जातंय! दहाव्याला आला, तेराव्याला परत. मी फोन ठेवला. मग परत करून ऐकवलं. मग परत ठेवला.

१५ एप्रिल

दोन टन दही नासलं!

सकाळी कापसहेड्याच्या बॉर्डरवर ट्रकांची रांग लागली, तासाभराची. आमची दुधाची गाडी त्यात. पाच मिनिटं झाली, बझर वाजला, ड्रायव्हर रामअवतारने इंजिन बंद केलं. आणि त्या गाडीचं थंड करायचं यंत्र इंजिनावरच चालतं! चाळीसच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत दही. दह्याच्या कंपनीने अख्खी गाडी परत पाठवली. अंगणात उभी होती, झाकण उघडलं तर डोळे चुरचुरले.

रामअवतारला फैलावर घेतलं. अक्कल गहाण टाकलीस का? नऊ वर्षं दुधाची गाडी चालवतोस, इंजिन बंद केलं की थंडावा जातो हे कळत नाही?

म्हणाला, 'पता है मैडम. दो लाल निशान पहले से थे. तीसरा लग जाता.'

सगळे ड्रायव्हर मागे उभे. बघत होते. माझ्याकडे, दह्याकडे नाही.

अंशुमन चालता चालता म्हणाला, 'मॅडम, त्या गाडीला टेंपरेचरचा सेन्सर लावायला पायजे, इंजिनचा नाही. ती उभी राहिली तरी चालेल, गरम नाही झाली पायजे.' आधी का नाही बोललास, म्हणणार होते. पण बोलला होता तो.

नियम बदलला नाही. एक गाडी नासली म्हणून काय सगळ्यांना मोकळं सोडायचं?

१७ एप्रिल

वकिलाला भेटले. जगबीरवर पोलिसात केस करायची. निष्काळजीपणाने मृत्यू. वकील म्हणाला, 'लॉगबुक त्याचंच, वडिलांचं म्हणणं तोंडी. पुरावा काय? गाडीत ते यंत्र होतं ना?'

होतं. सिम नव्हतं, पण डबा स्वतःच्या पोटात सगळं साठवून ठेवतो म्हणे, साठ दिवस. मग जुनं पुसून नवं लिहितो. म्हणजे पंधरा मेपर्यंत. अंशुमन मार्चपासून म्हणतोय, डबा काढून केबल लावावी लागेल, त्यासाठी गाडी एक दिवस उभी ठेवावी लागेल. मीच होकार दिला नव्हता. मला खात्रीच होती, तर डबा कशाला उघडायचा?

आता उघड म्हणून सांगितलं. सुटायला नको जगबीर.

२० एप्रिल

जगबीरच्या जागी आलेला नवा मुलगा अँब्युलन्स अठ्ठावन्नने चालवतो. अँब्युलन्स! रस्ता रिकामा असताना! विचारलं तर म्हणतो, 'मैडम, साठ पे लाल निशान है ना.'

२२ एप्रिल, बुधवार



दुपारी सव्वादोनला शाळेच्या बसमधून लहान मुलगी पडली. केजीतली. सेक्टर सातच्या स्टॉपवर अकरा मुलं उतरतात, लहान मुलं, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, वेळ लागणारच. तीन मिनिटं व्हायला आली, बझर वाजायला लागला. ड्रायव्हर महिपालने आरशात बघितलं, त्याला वाटलं सगळी उतरली. ती शेवटच्या पायरीवर बसून बुटाचा बंद लावत होती. गाडी जेमतेम हातभर हलली. तोंडावर पडली. हनुवटीला तीन टाके.

चाकाखाली नाही आली. नाही आली. पण येऊ शकली असती.

शाळेने बोलावलं. प्रिन्सिपलच्या खोलीत मुलीची आई उभी, बसायलाच तयार नाही. ओढणीला रक्त. मला म्हणाली, 'मुझे नाम बताओ. किसकी गलती है, नाम बताओ!'

हा आवाज मी ओळखते. महिनाभर माझाच आहे तो.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, 'महिपाल. ड्रायव्हर का नाम महिपाल है.'

माझ्याच तोंडून! बझर माझा, तीन मिनिटं माझी, आणि नाव महिपालचं. ती बाई म्हणाली, 'उसको निकालो.' मी मान हलवली.

बाहेर आले तर महिपाल भिंतीला टेकून उभा. रडत होता. 'मेरी पोती इत्ती ही है, मैडम,' म्हणाला. मला नाही म्हणाला की तुमच्या बझरने. एकदाही नाही.

परत आत गेले. त्या बाईला सांगितलं, घंटी मैंने लगवाई थी. नाम मेरा लिखिए. हेमांगी. तिला कळायला वेळ लागला. मग जे बोलायचं ते बोलली. मी ऐकून घेतलं. पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकून घेतलं या महिन्यात.

२३ एप्रिल

बसमधले सगळे बझर काढले. सब्बरवाल संतापले. 'You wanted it!' हो. मीच. काढायलाही मीच सांगतेय.

राजीनामा टेबलावर ठेवला. त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला, म्हणाले, आधी निस्तरा.

२६ एप्रिल, रविवार

ऑफिसात रविवारचं बसलो. मी, अंशुमन आणि पाच ड्रायव्हर – बसचा, दुधाचा, टँकरचा, अँब्युलन्सचा, आणि म्हातारा बलजीत, ज्याचं सगळंच चालवून झालंय. सुरुवातीला कुणी खुर्चीवर बसेना. मग मी स्टुलावर बसले, तेव्हा बसले.

विचारलं, तुमच्या गाडीवर नजर ठेवायची असेल तर काय बघायचं?

मग बलजीत म्हणाला, 'मैडम, टैंकर को खड़ा तो होना ही है. पानी उतरेगा तो इंजन चलेगा, पंप उसी पे है. आप ये देखो कि पानी कहाँ उतरा.' बरोबर! तीन टँकरना आम्ही पंप चालवल्याबद्दल शेरे दिलेत. आणि जे दोघं कोठीवाल्यांना, म्हणजे बंगलेवाल्यांना, चोरून पाणी विकतात ते अडीच मिनिटांत वाल्व उघडून पसार – त्यांना एकही शेरा नाही!

मग सगळेच बोलायला लागले. बसला थांबण्याची मोजणी नको, दरवाजाची हवी. दार उघडं असताना गाडी हलली तर ओरड. दुधाला डिग्री. अँब्युलन्सला वेगाचा शेराच नको, फोन आल्यापासून चाक हलेपर्यंत किती वेळ गेला ते बघा. नव्या मुलाने हे सांगितलं, तोच अठ्ठावन्नवाला.

अंशुमन लिहून घेत होता. मराठीत काही शब्द अडला की हिंदीत, हिंदीत अडला की इंग्रजीत. हेच तो आठ तारखेला सांगत होता. मला सांगत होता. मी म्हटलं होतं, माणसं कशी असतात ते मला माहितीय.

बाबांनी विचारलं, आज रविवारी ऑफिस? त्यांना सगळं सांगितलं. दह्याचं, मुलीचं. ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, 'तो ड्रायव्हर… जगबीर. त्याचं काय केलंस?'

त्याचं वेगळं आहे, म्हटलं. त्याची केस होणार.

बाबा म्हणाले, 'नको ग करूस.' आवाज इतका बारीक की मला परत विचारावं लागलं.

४ मे, सोमवार

डबा उघडला.

अंशुमन लॅपटॉप घेऊन माझ्या केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं. म्हणाला, 'मॅडम, तुम्ही बसा.' मी म्हटलं, सरळ सांग.

सोळा मार्च. सकाळी नऊपासून गाडी हॉस्पिटलच्या आवारात उभी. कुठेही गेलेली नाही. दहा एकोणपन्नासला इंजिन सुरू. त्याच मिनिटाला सायरन सुरू. सर्वांत जास्त वेग एकाहत्तर. सेक्टरच्या चौकात दोनशे मीटर उलट्या बाजूने गेलीय – म्हणजे समोरून गर्दी होती, त्याने जीव धोक्यात घालून काढली. अकरा वाजून दोन मिनिटांनी आमच्या गेटवर. तेरा मिनिटं!

लॉगबुकातला प्रत्येक आकडा खरा. प्रत्येक!

'डेटा झूठ नाही बोलत, मॅडम,' अंशुमन म्हणाला. हळूच म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही.

उडा के लाया था. खरंच उडा के आणलं होतं त्याने. आणि मी त्याला चोर लिहिलंय, वर सहा तारखेला. शाईने लिहिलंय. खोडत नाही, राहू दे.

पण मग दहा वीस ते दहा अठ्ठेचाळीस? अठ्ठावीस मिनिटं कुणी खाल्ली? हॉस्पिटलच्या फोनवाल्यांनी! फोन घेतला आणि चहा पीत बसले! आता कळलं. आता सोडत नाही.

५ मे

हॉस्पिटलला गेले. हेल्प डेस्कच्या सुपरवायझरशी कडाडून भांडले. विनया म्हणून बाई आहे, नागपूरची. मराठी निघाली म्हणून माझा आवाज कमी झाला नाही. तिने रजिस्टर काढलं. फोन आला १०.४७, गाडीला कळवलं १०.४८.

म्हटलं, रजिस्टर काय, कुणीही लिहितं! माझे वडील दहा वीस सांगतात!

म्हणाली, 'ताई, रजिस्टर नका मानू. सगळे फोन रेकॉर्ड होतात. वेळेसकट. मी काढून आणते. पण निवडणूक आहे, आमचा कॉम्प्युटरवाला ड्यूटीवर गेलाय, शनिवारी या.'

शनिवार तर शनिवार. तोवर एक दिवस तरी त्यांना झोप लागू नये.

बाबांना सांगितलं. रेकॉर्डिंग मिळणार म्हटलं, आता कळेल कुणी उशीर केला ते! बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

७ मे, गुरुवार

मतदान. सुट्टी. आमच्या निम्म्या बसेस निवडणुकीच्या ड्यूटीवर, भिंतीवर ठिपके भलभलत्या गावात.

बाबांना घेऊन मत दिलं, त्यांना घरी सोडलं आणि नजफगढच्या पुढे जगबीरच्या गावी गेले. पत्ता विचारत विचारत. एका बाजूला अजून गव्हाची रिकामी शेतं, दुसऱ्या बाजूला बिल्डरांच्या पाट्या.

अंगणात खाटेवर बसला होता. मला बघून उठला. बायकोने पाणी आणलं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, माझी चूक झाली. डबा उघडला. तुम्ही खरे होतात.

वाटलं होतं, म्हणेल, कोई बात नहीं मैडम. नाही म्हणाला!

'मैंने कही थी, तब नहीं मानी. डिब्बे ने कही तो मान गए,' म्हणाला. डोळ्यांत बघून म्हणाला. 'चौदह साल में मैंने किसी को रास्ते में नहीं मरने दिया जी. माँजी भी रास्ते में नहीं गईं. दरवाज़े तक पहुँचाया मैंने.'

मी रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा दुसऱ्यासमोर. त्याची बायको खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, अनोळखी बाई.

मग विचारलंच. त्या दिवशी भांडला का नाहीत? मी दहा वीस म्हटलं आणि तुम्ही गप्प किल्ली ठेवून गेलात. का?

बराच वेळ हुक्क्याची नळी हातात फिरवत राहिला. 'वो बात मेरे मुँह से नहीं निकलेगी. बाऊजी से पूछना. पर आराम से पूछना, मैडम. गुस्से में नहीं.'

म्हणजे काय? पुन्हा विचारलं, चिडून विचारलं. तोच म्हणाला, 'देखो, फिर गुस्सा.'

सोमवारपासून कामावर येतो म्हणाला. वेगाचा लाल शेरा निघाला असेल तर. निघालाय, सांगितलं. वकिलाला गाडीतूनच फोन करून केस बंद केली.

येताना सगळ्या रस्त्याने एकच डोक्यात – बाबांना काय विचारायचं?

नाही विचारलं. आधी रेकॉर्डिंग. आधी हॉस्पिटलला धडा शिकवते.

९ मे, शनिवार

ऐकलं. एक मिनिट दहा सेकंद. वेळ १०.४७.

आवाज बाबांचा नाही. आईचा आहे.

'भैया, सीने में बहुत दर्द है… नहीं, घर में कोई नहीं है. मिस्टर बाहर गए हैं. मैं दरवाज़ा खुला रखती हूँ.' पत्ता दोनदा सांगितला, फ्लॅट नंबरसकट. शेवटी 'थँक यू' म्हणाली.

विनयाने खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर थांबली. मी चारदा ऐकलं.

घरी आले. बाबांच्या शेजारी बसले. रागावले नव्हते. एवढंच विचारलं – कुठे होतात तुम्ही?

'भांडण झालं ग आमचं. ती म्हणत होती, सुधन्वाकडे जाते महिनाभर, मला इथे करमत नाही. मी तिरमिरीत दार आपटून निघालो. दहा वीसला. मोबाइलही नेला नाही. खालीच, बागेतल्या बाकावर बसलो होतो. जगबीरने स्ट्रेचर खाली आणलं तेव्हा धावलो. त्याच्यापुढे हात जोडले, मी घरात नव्हतो हे मुलीला सांगू नकोस म्हणून.'

मग –

'सायरन ऐकला होता मी. गाडी गेटमधून आत येताना. म्हटलं, कुणावर आली बिचाऱ्यांवर ही वेळ… आणि बसूनच राहिलो.'